वेड्यावाकड्या लाकडांवर जर्मनीतला हिवाळा (निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी)

२०२४ ला महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी माणसं कामाला पाठवायचा करार झाल्यापासनं मी सुट्टीला कोल्हापुरात आलो की राजारामपुरीत जर्मनचा क्लास करणारी पोरं गाठतात, तिकडं थंडी किती म्हणून. थंडीचं काय घेऊन बसलाय, जॅकेट घेतलं की झालं. घर गरम ठेवायचं बघा. खेड्यात जुनं घर भाड्यानं घेतलं की बऱ्याचदा लाकडाची बंद शेगडी असते, कामिनओफेन. घरमालकाला विचारून आणि धुराडं तपासणाऱ्या चिमणीवाल्यानं पास केलीय याची खात्री करूनच पेटवा.

आता लाकूड. आपली लोकं तिथं गेली की साहेब होतात, ३३ सेंटिमीटरची एकसारखी फोडलेली लाकडं घरपोच मागवतात आणि मग महागाईच्या नावानं बोंबलतात. अरे, वाळलेलं लाकूड किलोला साधारण ४ युनिट उष्णता देतं, सरळ असू दे नायतर गाठीचं. सॉ मिलमधले सालीचे पट्टे, बुटके तुकडे, बेचक्यातली गाठाळ लाकडं कमी पैशात मिळतात, शेजाऱ्यानं बागेतलं झाड पाडलं तर फुकट सुद्धा. बंबात ढलप्या घालून आंघोळी केलेली माणसं आपण, लाजायचं काय त्यात. फक्त रानात पडलेलं उचलू नका, परवानगी लागते.

तिथं लाकूड घनमीटरवर विकतात, म्हणून पैसे द्यायच्या आधी कुठला मीटर ते विचारा. परत सांगतो, कुठला मीटर ते विचारा! फेस्टमीटर म्हणजे भरीव लाकूड, राउममीटर म्हणजे रचलेलं, त्यात भरीव साधारण ०.७ च असतं, आणि शुट्टराउममीटर म्हणजे नुसतं ओतलेलं, त्यात त्याहून बरंच कमी. आमच्या ओळखीतल्या इचलकरंजीच्या एका पोरानं रचलेल्याच्या भावानं ओतलेलं घेतलं, वर ते ओलं निघालं, सगळा हिवाळा घरात धूर आणि चिमणीत डांबर.

नियमानं ओलावा २५ टक्क्यांच्या खाली पाहिजे. ओलावा मोजायचं छोटं मशीन मिळतं, ते तुकडा फोडून आतल्या बाजूला लावा, बाहेरनं लावून काय उपयोग नाही. गाठी सगळ्यात उशिरा वाळतात, त्या वेगळ्या ठेवा. जर्मन माणूस ओळंबा लावल्यासारखी लाकडं रचतो, आपले वेडेवाकडे तुकडे तसे रचताच येत नाहीत, म्हणून जाळीच्या पेटीत टाका, वरनं झाका, बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूनं ताडपत्री गुंडाळली की बुरशी ठरलेली.

जाळताना पातळ पट्टे पेटवणाला, बुटके दोन-तीनच एका वेळी. शेगडी बारक्या तुकड्यांनी ठासून भरली की चुलवाणात चिपाड कोंबल्यागत एकदम भडका होतो आणि शेगडीचं वाटोळं. गाठाळ ओंडका चांगल्या निखाऱ्यावर ठेवा, सावकाश जळतो. आणि लाकूड लांब पडलं तर कापा. शेगडीचं दार अर्धवट उघडं ठेवून जाळणारे महाभाग बघितलेत मी, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो बाबांनो, अलार्म लावा. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड अजिबात नाही.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा, आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. गार झाल्यावर ती रेस्टम्युलच्या (बाकीच्या कचऱ्याच्या) डब्यात, बायोच्या (ओल्या कचऱ्याच्या) नाही, नायतर शेजारची आजी दारात येऊन तास घेईल.