कब पथकात बॅज देताना या चुका टाळा

"आज सगळ्यांचा गाठींचा बॅज उरकून टाकला." कब पथक, म्हणजे स्काउटमधल्या धाकट्या मुलांचा गट, हाती घेतलेल्या नव्या लीडरांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. तासाभरात चोवीस मुलं, एकच दोरी आणि चोवीस सह्या. मुलांना त्या दिवशी गाठ जमली असेलही, पण ती पुढच्या आठवड्यात जमेल का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

मीही हे केलंय. एका पायी सहलीत आठ वर्षांच्या मुलीचं मनगट मुरगळलं. त्रिकोणी पट्टीची झोळी बांधायचं काम मी तिच्याच षटकातल्या (सहा जणांच्या छोट्या गटातल्या) एका मुलाला दिलं. त्याच्या बाहीवर गाठींचा बॅज होता आणि नोंदवहीत सही माझी. त्याने मनापासून गाठ मारली. वीस-पंचवीस पावलं चाललो असू, तेवढ्यात गाठ सरकली, हात खाली आला आणि ती कळवळली. तो मुलगा आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या बाहीकडे बघत राहिला. "ताई, मला येते ना ही?" त्याला येत नव्हती, आणि त्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

त्याने दोन्ही वेळा उजवंच टोक डाव्यावर घेतलं होतं. झोळीच्या या गाठीला रीफ नॉट म्हणतात. तिच्यात आधी उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. नीट बसलेली गाठ सपाट असते आणि प्रत्येक टोक आपल्याच दोरीला चिकटून बाहेर पडतं. चुकलेल्या गाठीची टोकं आडवी, दोन बाजूंना बाहेर आलेली दिसतात. मुलांना हा फरक बोटाने चाचपायला लावा. शिकवताना दोन रंगांच्या, बोटाएवढ्या जाड सुती दोऱ्या घ्या. गुळगुळीत नायलॉनची सुतळी अजिबात नको. लहान हातांत ती गाठ धरतच नाही. आणि दोन दोऱ्या जोडून त्यांवर वजन टाकायला ही गाठ नाही, हेही त्याच दिवशी सांगा.

आता मी नोंदवहीत पेन्सिलीने तीन तारखा घालते: शिकवलं तो दिवस, पुढचा आठवडा आणि महिन्यानंतरचा एखादा दिवस, तोही न सांगता. तिसऱ्या वेळी परीक्षा घेत नाही, काम देते: काटक्यांची मोळी बांध, मैत्रिणीला झोळी घाल. मगच पेनने सही. आमच्याकडे बॅज उशिरा मिळतात अशी पालकांची तक्रार असते. उशिराच मिळतात.

"पण कब होताना मुलं जे वचन घेतात, ते जास्तीत जास्त प्रयत्नांचं आहे ना?" असं मला सुनावलं जातं. आहेच. म्हणूनच दोन पोरांना एका मापाने मोजू नका. एकाला गाठ पाच मिनिटांत येईल, दुसऱ्याला पाच आठवडे लागतील. दोघांचा बॅज सारखाच मोलाचा. पण प्रयत्न संपायच्या आधीच बॅज देऊन टाकला, तर उरलेला प्रयत्न ते मूल करणार कशाला?

दुसरी चूक म्हणजे स्काउटचा कार्यक्रम कापून लहान करणं. बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली वुल्फ कब सुरू केले ते स्काउटमध्ये घुसू पाहणाऱ्या धाकट्या मुलांसाठी, आणि त्यांना वेगळी खेळाची दुनियाच दिली. सात वर्षांच्या मुलापुढे होकायंत्रावर पाऊण तास बोलू नका. दहा मिनिटं खेळा, थांबा, दुसरं काही घ्या.

होकायंत्र मोबाइलजवळ किंवा लोखंडी बकलजवळ धरू देऊ नका, सुई भरकटते.

किम्स गेममध्ये (मांडलेल्या वस्तू थोडा वेळ बघायच्या आणि झाकल्यावर आठवून सांगायच्या) पहिल्याच दिवशी चोवीस वस्तू मांडू नका, आठ-दहा पुरेत.

नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. हे पालकांना दोनदा सांगा.

सगळ्यांसमोर बॅज वाटताना मागे राहिलेल्यांची नावं घेऊ नका. अशा मुलाला पुढच्या मेळाव्याला पंधरा मिनिटं लवकर बोलवा, दुसरा एक मोठा माणूस सोबत ठेवा आणि दोरी त्याच्या हातात द्या. तुम्ही तुमची दोरी घ्या आणि त्याच्या शेजारी बसा. समोर बसलात तर त्याला सगळं उलटं दिसतं.