जुन्या पद्मिनीला जोर हवाय: सुपरचार्जर बसवावा की इंजिन बदलावं?

बोरघाटाचा चढ, दुसरा गिअर, मागे ट्रकांचे हॉर्न आणि गाडीत चार माणसं. जुनी फियाट किंवा पद्मिनी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग पाठ असतो. 1089 सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. आमची पद्मिनी 1978 ची, बाबांनी हौसेनं घेतलेली. तिला जोर कसा द्यायचा, या एका प्रश्नासाठी मी दोन वर्षं कुर्ल्यापासून ऑपेरा हाउसपर्यंत गॅरेजं आणि स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. त्यातून जे हाती लागलं, ते कामाच्या क्रमाने सांगतो.

आधी कॉम्प्रेशन बघा

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. इंजिन गरम करा. कॉइलची वायर सोडवा, चारही प्लग काढा. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, एकेका सिलिंडरला गेज लावा आणि स्टार्टरवर पाच-सहा फेरे होऊ द्या. चारही आकडे लिहून ठेवा. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने कमी आला. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, पुन्हा स्टार्टर मारला, आणि काटा सरसर वर चढला. म्हणजे रिंगा झिजलेल्या. तेल टाकूनही काटा हलला नसता, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर गेला असता.

रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग लावलं आणि निम्मं गाऱ्हाणं तिथंच मिटलं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की, इंजिनाचं काम झाल्याशिवाय ताकद वाढवण्याचा विचार करू नका. त्याच खेपेला रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्या आतून साफ करून घ्या आणि ब्रेक बघा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताकद वाढवायची तर पुढे डिस्क बसवण्याचा खर्च त्यातच धरायचा.

मग कागदपत्रं

ही पायरी बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि तिथंच फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरच्या नोंदी उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे आरटीओची परवानगी आधी लागते. सुपरचार्जरने, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंपाने, नंबर बदलत नाही, पण म्हणून विचारायची गरज नाही असं समजू नका. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जिथं तुमची नोंद असेल तिथं लेखी अर्ज करा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आधी इंजिन बसवलं आणि मग नोंदणीच्या नूतनीकरणाला गेले. गाडी आज सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे.

आणखी एक गोष्ट. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. आमची गाडी 2028 मध्ये पन्नाशी गाठेल. तुमचीही त्या उंबरठ्यावर असेल तर दोन्ही वाटा सोडा आणि ती आहे तशी जपा, असं मी मनापासून सांगेन.

सुपरचार्जरची वाट

इंजिन निरोगी आहे, परवानगी हातात आहे आणि गाडीचा मूळ स्वभाव राखायचा आहे, तर ही वाट बरी. क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणारा हा पंप हवा दाबून आत ढकलतो. टर्बोसारखी वाट बघावी लागत नाही, कमी फेऱ्यांवरच ओढ येते.

दाब 5 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर नेऊ नका. हिशेब असा: वातावरणाचा दाब 14.7, त्यात 5 मिळवले की 19.7, म्हणजे 1.34 पट. कॉम्प्रेशन रेशो 8 धरला तर तो प्रत्यक्षात साडेदहाच्या वर जातो, आणि त्यापुढे साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे आतून ठोके देतं.

पुलीचं मापही घरी काढता येतं. फोर-स्ट्रोक 1089 सीसी इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात 544 सीसी ओढतं. सिलिंडर 80 टक्केच भरतात असं धरलं तर 435. त्याला 1.34 ने गुणलं की 583. ऐसिन या जपानी कंपनीचा एएमआर 500 सुपरचार्जर एका फेऱ्यात 500 सीसी ढकलतो, गळती वजा जाता 425 धरा. 583 भागिले 425 म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला सुपरचार्जरचे साधारण 1.4 फेरे. क्रँकची पुली 140 मिमीची असेल तर सुपरचार्जरची 100 मिमीची. लेथवाल्याकडे हा कागद घेऊनच जा.

कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी ठेवा. नंतर ठेवला तर दाबाखाली पेट्रोल पोहोचवणं मूळच्या यांत्रिक पंपाला झेपत नाही. दाबाच्या दर पीएसआयमागे इग्निशनचं टायमिंग अंदाजे एक अंश मागे घ्या. ब्रॅकेट जाड प्लेटचं करा आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून तपासा, नाहीतर पट्टा खाऊन टाकतील. पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या बदला. इथेनॉलचं पेट्रोल त्या पोखरतं. इलेक्ट्रिक पंखाही हवाच. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला साध्या इंजिनाचाही काटा लाल पट्टीकडे सरकलेला मी पाहिला आहे.

मूळ मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि नटबोल्ट पिशव्यांत घालून, नावं लिहून घरी ठेवा.

इंजिन बदलायचंच असेल

ब्लॉकला चीर गेली असेल किंवा बोअर आणखी वाढवता येत नसेल, तरच. इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसणारं आणि मागची चाकं फिरवणारं हवं. स्विफ्टसारख्या गाड्यांचं आडवं इंजिन इथं कामाचं नाही. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरच्याच 118 एनई गाडीतलं निसानचं 1171 सीसी इंजिन नात्यातलं आहे. जिप्सीचं 1298 सीसी जास्त जोरकस आहे, पण कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेलं घेतलं तर ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप सोबत घ्यावा लागतो. स्टिअरिंगजवळचा हँड गिअर जातो, गिअर जमिनीवर येतो, आणि माझ्या लेखी गाडीचा अर्धा आत्मा तिथंच जातो.

कुर्ल्याच्या बाजारात इंजिन घेताना बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची आरसी व स्क्रॅपची नोंद मागा. कागद नसेल तर कितीही स्वस्त मिळो, परत फिरा. माउंटिंग वेल्ड करण्याआधी इंजिन नुसतं टेकवून संप (इंजिनाखालची तेलाची टाकी), स्टिअरिंग आणि बॉनेटमधलं अंतर मोजा. प्रोपेलर शाफ्ट कापला की बॅलन्स करून घ्या. जुनं इंजिन विकू नका, ग्रीस लावून गुंडाळून ठेवा.

कुठलीही वाट धरा, पहिली चाचणी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. गाडी थंड झाली की बोल्ट पुन्हा कसा आणि प्लग काढून बघा. टोक फिकट विटकरी असेल तर ठीक. पांढरंफटक दिसलं तर पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटरचा जेट मोठा करेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.