स्कॅन केलेलं पुस्तक सापडत नाही? डिजिटल ग्रंथालयात या चुका टाळा

कोकणात पावसाळ्यात वाचनालयाचं कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. जुनी पुस्तकं स्कॅन करायची घाई होते ती त्यामुळेच, आणि ती योग्यच आहे. पण त्या घाईत नोंदी राहून जातात. 'स्कॅन ०४७' एवढंच नाव असलेली फाइल दोन वर्षांनी कोण उघडणार?

सर्वात जास्त घोळ सालाचा. जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं असतं आणि आपण सरसकट ७८ मिळवतो. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर ते बरोबर. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत मात्र ७९ मिळवायचे. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं ते ६ जानेवारी १८३२ रोजी, शके १७५३ मध्ये. ७८ मिळवले तर १८३१ येतं! महिना छापलेला नसेल, तर दोन्ही सालं लिहा.

गावाचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या पुस्तकात 'जि. रत्नागिरी' असेल तर ते खोडू नका. आजचा जिल्हा वेगळ्या रकान्यात भरा.

शीर्षक छापलंय तसंच उतरवा. 'कांहीं', 'केलें' यांवरचे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर गेले, त्यामुळे आजचा वाचक ते टाइप करणार नाही. म्हणून पर्यायी शीर्षकात आजचं लेखन हवंच.

शब्द डोळ्यांसमोर आहे, तरी शोधात येत नाही? 'किनाऱ्यावर' तपासा. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ने, किंवा साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. एक पद्धत ठरवा, जुन्या नोंदी एकदम बदलून घ्या आणि शोधचौकटीलाही तोच नियम लावा. हा दोष मला सर्वात जास्त छळतो, कारण नोंद अचूक असूनही वाचक रिकाम्या हाताने जातो.

मालगुंडचे केशवसुत, कृष्णाजी केशव दामले आणि 'दामले, कृ. के.' हे तीन लेखक नव्हेत. एक मुख्य नाव ठरवून बाकीची त्याला जोडा.

हार्ड डिस्कची दुसरी प्रत गावाबाहेर ठेवा. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं झाली नसतील, तर परवानगीशिवाय पुस्तक खुलं करू नका.

हे झालं की नेहमीच्या वाचकाला संगणकासमोर बसवा आणि दहा पुस्तकं शोधायला सांगा. जिथे तो अडेल, तिथे त्याने टाइप केलेला शब्द त्या पुस्तकाच्या नोंदीत त्याच दिवशी घाला.