जुनी हायब्रिड लक्झरी एसयूव्ही घेताय? आधी मागच्या सीटखाली बघा

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाड्या, सगळ्या सारख्या नसतात. व्होल्वो एक्ससी६० बी५ माइल्ड हायब्रिड आहे: ४८ व्होल्टची मोटर इंजिनाला हातभार लावते, नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. एक्ससी९० टी८ प्लग-इन आहे, म्हणजे बाहेरून वीज लावून चार्ज करायची. तिला पक्कं अर्थिंग असलेला पॉइंट लागतो. शेतातल्या घरी अर्थिंग कच्चं असलं की चार्जर फॉल्ट दाखवून थांबतो आणि चार्ज न केलेली टी८ म्हणजे नुसती जड पेट्रोल गाडी. गावात ठेवायची तर लेक्सस एनएक्स ३००एचसारखी स्ट्राँग हायब्रिडच बरी, ती चालता-चालता स्वतःच चार्ज होते. पण धावणं मुख्यतः समृद्धीवर असेल तर हायब्रिडसाठी जास्त पैसे मोजू नका. इंधनाची खरी बचत शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात होते.

एनएक्सची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि केबिनमधली हवा ओढून थंड होते. मोबाइलचा टॉर्च मारून हवेची जाळी तपासा. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीत जाळीवर रुईचे तंतू आणि धूळ मिळून करडा थर बसतो. हवा कोंडली की मे महिन्यातल्या ४५ अंशांत बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

दुपारी, एसी फुल ठेवून अर्धा तास चालवा. डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या पट्ट्या भराभर चढत-उतरत असतील तर सेल थकले आहेत. गाडीतले फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर लावा: पी०ए८० कोड म्हणजे बॅटरी पॅक बदलायची वेळ आली. कोड नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद) अपूर्ण दिसतात? मग कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. सौदा थांबवा.

एसीचा गॅस कोणी भरला, हे जरूर विचारा. एनएक्ससारख्या हायब्रिडमधला एसीचा कॉम्प्रेसर हाय-व्होल्टेजवर चालतो आणि त्याला विजेला रोधक असं पीओई तेलच लागतं. नेहमीचं पीएजी तेल पडलं की इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी फॉल्ट दाखवून बंद पडू शकते. बिल नसेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला लागते तशी करून देणाऱ्या भागाच्या) कूलंटची टाकी वेगळी असते, तिची पातळीही बघा. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तरी हायब्रिड चालू होत नाही. ती बदलणं मात्र सोपं.

नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाड्या बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. नारिंगी, म्हणजे हाय-व्होल्टेजच्या केबलच्या जोडांवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर किंमत कितीही पडती असो, गाडी सोडा.

कागदांत गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ व बँकेची एनओसी. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तो आधीच किमतीत धरा. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जुन्या मालकाकडेच राहतो.