न्यूमोनियातून घरी आलेल्या माणसाची काळजी

ताप उतरला की घरच्यांना वाटतं, आजार गेला. पण अँटिबायोटिकने जंतू मेले तरी फुप्फुसात साचलेला पू आणि सूज शरीराला सावकाश निस्तरावी लागते. सर्वसाधारणपणे ताप आठवड्यात जातो, छातीतलं दुखणं आणि कफ चार आठवड्यांत बराच कमी होतो, खोकला आणि धाप सहा आठवड्यांत. थकवा तीन महिनेही रेंगाळतो. बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) दिलं असेल तर ताठ बसा. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. चेंडू दोन-तीन सेकंद वर थोपवा. जागे असताना तासाला ५ ते १० वेळा पुरे. चक्कर आली तर थांबा. बरेच जण नळीत फुंकतात, त्याचा उपयोग नाही. झटक्याने ओढलं तर चेंडू उडतात, पण हवा फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचत नाही. खोकताना दुखत असेल तर छातीशी उशी दाबून धरा. खोकला दाबणारं सिरप मनाने घेऊ नका, कफ आतच राहतो. वाफेने नाक मोकळं होतं, न्यूमोनिया नाही. गरम पातेलं कलंडून भाजतं ते वेगळंच.

दिवसभर झोपून राहू नका. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडं चाला आणि रोज थोडं वाढवा.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नेलपेंट नको. आकडा ९४ च्या खाली जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवा, ९० खाली गेला तर थेट हॉस्पिटल. जुना दमेकरी किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पेशंट असेल तर त्याचा आकडा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण तुटणं हीच खूण असते. उतरलेला ताप परत चढला तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू झाल्याची शंका घ्यावी.

६५ च्या पुढचं वय, हृदय वा किडनीचा आजार, ताब्यात नसलेली साखर, दारू, बिडी-सिगारेट यांनी बरं होणं लांबतं आणि धोकाही वाढतो. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया पुन्हा होतो. बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

न्यूमोनियानंतर खोकला रेंगाळतो हे खरं, तरी तो दोन आठवड्यांपुढे गेला तर टीबीसाठी थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पन्नाशीपुढच्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी सहा ते आठ आठवड्यांनी छातीचा एक्स-रे परत काढावा: न्यूमोनियाच्या डागामागे कधीकधी गाठ लपलेली असते.