शेवटच्या पुस्तकाने निराशा केली? मग हे करून बघा

मालिकेचं शेवटचं पुस्तक रात्री दोनला संपलं आणि नंतर झोपच लागली नाही, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. पहिलं म्हणजे त्याच रात्री रेटिंग देऊ नका. एक स्टार देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण राग नेमका कशाचा आलाय हे तेव्हा आपलं आपल्यालाच कळलेलं नसतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या, रडू आलं तर रडा, इतकी वर्षं त्या पोरांसोबत काढलीत तर येणारच ना.

मग एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे 'हे व्हायलाच नको होतं' आणि उजवीकडे 'हे नीट लिहिलेलं नाही'. हे दोन राग एकमेकांत इतके मिसळलेले असतात की वेगळे केल्याशिवाय पुढे काही सुचत नाही.

माझंच सांगते, व्हेरॉनिका रॉथची डायव्हर्जंट मालिका (शेवट सांगणारे, वाचायची असेल तर इथेच थांबा). दुसरं पुस्तक मे २०१२ मध्ये आलं आणि तिसरं, अलीजंट, ऑक्टोबर २०१३ मध्ये. मधल्या दीडेक वर्षात माझ्या डोक्यात माझं स्वतःचं तिसरं पुस्तक लिहून झालं होतं, त्यात नायिका ट्रिस आणि तिचा प्रियकर टोबायस शिकागोत सुखाने राहत होते, आणि इथे ट्रिस मरते! डावीकडे मी एवढंच लिहिलं. उजवीकडे मात्र लिहीतच गेले. आधीची दोन्ही पुस्तकं एकटी ट्रिस सांगते, इथे अचानक टोबायसही सांगायला लागतो आणि दोघांचा आवाज इतका सारखा की मध्येच पुस्तक उघडलं तर कोण बोलतंय कळायचं नाही, प्रकरणाच्या सुरुवातीला जाऊन नाव बघावं लागायचं. शिवाय शहराबाहेर गेल्यावर ती ब्युरोची, म्हणजे शहरावर बाहेरून नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, माणसं जनुकांबद्दल पानंच्या पानं समजावत बसतात, तोवर गोष्ट जागच्या जागी थांबलेली.

आता खरं काम. पेन्सिल घेऊन पहिलं पुस्तक परत वाचा आणि शेवटाची चाहूल जिथे जिथे लागते तिथे खूण करा. मी केलं तेव्हा हात थरथरला अक्षरशः. ट्रिसला वाचवताना तिची आई गोळ्या लागून मरते, पुढे वडीलही जीव देतात, आणि तिसऱ्या पुस्तकात ट्रिस भावाला मागे ठेवून त्याच्या जागी स्वतः जीवघेण्या कामगिरीवर जाते. म्हणजे हे पहिल्यापासून तिथेच होतं. मी डावीकडचं वाक्य खोडलं, उजवीकडचं एकही खोडलं नाही, ती तक्रार खरीच आहे आणि मी ती सोडणार नाही. तुमच्या कागदावर कदाचित उलटं होईल, पहिल्या पुस्तकात एकही खूण सापडणार नाही, मग डावीकडचा रागही खराच समजा.

ज्याला शेवट आवडलाय अशा कुणाशी तरी बोला, पण वाद घालायला नको, फक्त विचारा की तुला नेमकं कुठलं पान आवडलं, आणि मग ते पान दोघांनी मिळून वाचा.

आणि लेखिकेने नंतर काही जोडलं असेल, जसा रॉथचा छोटा उपसंहार, टोबायस पुढे कसा जगतो त्याबद्दलचा, तर तो लगेच मलम म्हणून वाचू नका. आधी कागद पुरा होऊ द्या.