व्हॅनसाठी योग्य भारक्षमतेचे टायर कसे निवडावेत

व्हॅनचे टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण जुन्या टायरवरचा आकार कागदावर उतरवून घेतात आणि त्याच आकाराचे नवे टायर मागतात. रिमवर टायर बसला, चाक मोकळे फिरले, की निवड बरोबर झाली असे वाटते. प्रत्यक्षात एकाच आकाराचे टायर निरनिराळ्या भारक्षमतेचे मिळतात. २१५/६५ आर १६ हाच आकार घ्या. मोटारीसाठी बनवलेल्या साध्या टायरवर या आकारापुढे ९८ हा भारक्षमतेचा सांकेतिक आकडा (लोड इंडेक्स) असतो आणि त्याचा अर्थ एका टायरने जास्तीत जास्त ७५० किलो भार पेलावा असा होतो. त्याच आकाराच्या, मालवाहू व्हॅनसाठी बनवलेल्या टायरवर १०९ असेल, तर तो १,०३० किलो पेलतो. दोन्ही टायर त्याच रिमवर बसतात, लांबून सारखेच दिसतात, पण एका चाकामागे २८० किलोंचा फरक असतो. म्हणून आकाराआधी भाराचा हिशेब करावा, आणि तो संपूर्ण गाडीच्या वजनावरून न करता प्रत्येक ॲक्सलवर व प्रत्येक चाकावर येणाऱ्या वजनावरून करावा.

सुरुवात गाडीवरच्या पाटीपासून करावी. ही पाटी सहसा दाराच्या चौकटीवर, सीटच्या खालच्या भागावर किंवा बॉनेटखाली असते. तिच्यावर भरलेल्या गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा दिलेली असते. दोन ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज एकूण वजनापेक्षा जास्त भरते हे पाहून गोंधळून जाऊ नये. माल थोडा पुढेमागे ठेवता यावा यासाठी ती सवलत असते. तिन्ही मर्यादा मात्र एकाच वेळी पाळायच्या असतात. समजा, मागच्या ॲक्सलची मर्यादा १,९०० किलो आहे आणि मागे दोनच चाके आहेत. तर एका टायरच्या वाट्याला ९५० किलो येतात आणि त्यासाठी किमान १०६ हा लोड इंडेक्स लागतो. ही झाली तळाची मर्यादा. गाडीच्या पुस्तिकेत त्याहून वरचा आकडा सांगितला असेल, तर पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा, कारण भार दोन्ही चाकांवर समसमान पडत नाही हे गाडी बनवणाऱ्याने त्यात धरलेले असते.

यापुढचे काम बहुतेक जण टाळतात, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाचे तेच आहे: गाडी रोजच्यासारखी भरून वजनकाट्यावर न्यावी. इंधनाची टाकी भरलेली असावी, नेहमीची अवजारे, माल आणि माणसे गाडीत असावीत. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि शेवटी फक्त मागची चाके ठेवून वजन घ्यावे. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर, असा प्रकार व्हॅनमध्ये वारंवार आढळतो. त्याचे कारण तरफेच्या तत्त्वात आहे. पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या व्हॅनमध्ये १५० किलोंची पेटी मागच्या ॲक्सलच्याही १ मीटर मागे, अगदी मागच्या दाराशी ठेवली, तर मागच्या ॲक्सलवरचा भार १५० ने न वाढता २०० किलोंनी वाढतो आणि पुढचा ॲक्सल ५० किलोंनी हलका होतो. म्हणजे पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि मागचे टायर हिशेबाबाहेरचे ओझे वाहतात.

डाव्या-उजव्या बाजूंचेही तसेच आहे. एका भिंतीला अवजारांची रॅक किंवा पाण्याची टाकी कायमची बसवलेली असेल, तर मागच्या ॲक्सलवरचे १,८०० किलो ९०० आणि ९०० असे न विभागता १,००० आणि ८०० असे विभागले जाऊ शकतात. सरासरी काढून १०४ इंडेक्सचा, म्हणजे ९०० किलोंचा टायर घेतला, तर जड बाजूचा टायर कायम १०० किलो जास्त भाराखाली धावेल. काट्यावर एका बाजूची चाके चढवून पाहण्याची सोय असेल, तर तेही वजन घ्यावे. सगळ्यात जड चाकाचा आकडा धरूनच टायर निवडावा.

आता टायरची बाजू वाचावी. गुडघ्यावर बसून, टॉर्चचा प्रकाश तिरका टाकला की धुळीतली उठावाची अक्षरे नीट दिसतात. २१५/६५ आर १६ सी १०९/१०७ टी अशी ओळ असेल, तर १६ नंतरचा ‘सी’ हा टायर मालवाहू वापरासाठी मजबूत केलेला असल्याचे सांगतो. १०९ हा आकडा ॲक्सलच्या एका टोकाला एकच टायर असताना लागू होतो, तर १०७, म्हणजे ९७५ किलो, हा जोडटायरसाठी, म्हणजे एका टोकाला दोन टायर शेजारीशेजारी असतात तेव्हासाठी आहे. जोडीतला प्रत्येक टायर कमी भाराचा धरला जातो, कारण उतरत्या किंवा उंचसखल रस्त्यावर दोघांवर सारखा भार येत नाही. मागे चार टायर असतील, तर ॲक्सलच्या मर्यादेला चारने भागून दुसऱ्या आकड्याशी तुलना करावी. जवळचे आणखी काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२० आणि ११६ म्हणजे १,२५० किलो.

इथे दोन-तीन ठिकाणी फसगत होते. ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला टायर साध्यापेक्षा जास्त भार पेलतो हे खरे, पण तो मोटारीचाच टायर असतो. वरच्याच आकारात त्याचा इंडेक्स १०२, म्हणजे ८५० किलो, इतकाच भरतो. ‘आठ प्लाय’ किंवा ‘दहा प्लाय’ ही भाषा दुकानात सर्रास चालते, परंतु आजच्या टायरमध्ये प्रत्यक्षात तितके थर नसतात. तो मजबुतीचा जुना दर्जा आहे, तेव्हा तुलना लोड इंडेक्सवरूनच करावी. ‘एलटी’ (लाइट ट्रक) प्रकारच्या टायरवर भारश्रेणी म्हणून येणारा ‘सी’ आणि रिमच्या आकड्यामागचा ‘सी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये.

लोड इंडेक्स हे एक अटीवर दिलेले वचन आहे आणि ती अट हवेची आहे. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कमाल भार १,०३० किलो, दाब ४७५ केपीए (किलोपास्कल) असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ सुमारे ६९ पीएसआय हवा असतानाच तो एवढा भार पेलेल. त्याच टायरमध्ये मोटारीसारखी ३५ पीएसआय हवा भरली, तर आकडा तोच राहील, पण क्षमता राहणार नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याची बाजू सतत वाकते, आत उष्णता साठते आणि अखेरीस थर सुटून टायर फुटतो. म्हणून पूर्ण भारासाठी गाडीच्या स्टिकरवर दिलेला दाब, टायर थंड असताना भरावा. मूळ टायरपेक्षा वेगळ्या प्रकारचा टायर घेतला असेल, तर टायर बनवणाऱ्याच्या भार-दाब तक्त्यातून आपल्या ॲक्सलच्या वजनाला लागणारा दाब पाहून घ्यावा. जास्त दाबाला साधा रबरी व्हॉल्व्ह पुरत नाही. त्यासाठी धातूचा किंवा जास्त दाबाचा व्हॉल्व्ह मागून घ्यावा. रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, आणि शोभेच्या अलॉय रिम बसवलेल्या व्हॅनमध्ये ती आवर्जून तपासावी.

सांगितल्यापेक्षा वरच्या इंडेक्सचा टायर घेण्यास हरकत नाही. मात्र त्यामुळे गाडीची मालवाहू क्षमता एक किलोनेही वाढत नाही, कारण स्प्रिंग, ब्रेक आणि ॲक्सल तेच राहतात. शिवाय रिकाम्या गाडीत असा टायर कडक वाटतो. शेवटचे अक्षर वेगाचे असते; आर म्हणजे ताशी १७० आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. ते पुस्तिकेतल्यापेक्षा खालचे नसावे. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच आकाराचे, प्रकाराचे आणि इंडेक्सचे असावेत. उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा.

टायर बसवण्याआधी प्रत्येकावरची पूर्ण ओळ कागदावरच्या आकड्यांशी स्वतः पडताळून पाहावी, कारण चारपैकी एखादा टायर खालच्या इंडेक्सचा निघाला, तर तो रिमवर चढण्यापूर्वी परत करणे सोपे असते. स्टेपनीही तशीच तपासावी: पंक्चर झालेल्या दिवशी व्हॅन भरलेली असेल, आणि तेव्हा मागच्या ॲक्सलचा निम्मा भार तिच्यावरच येणार असतो.